पंप पुन्हा बदलण्याआधी टाकीकडची नळी तपासा

लक्षण ठरलेलं आहे. घरी बांधलेल्या छोट्या विमानाचं इंजिन थंड असताना एका दमात सुरू होतं आणि छान चालतं. दहा-पंधरा मिनिटांनी, त्यातही थ्रॉटल पुढे केल्यावर, फ्युएल प्रेशरचा काटा थरथरायला लागतो आणि हळूहळू घसरतो. इंजिनावरच्या पंपाच्या मदतीला असलेला इलेक्ट्रिक पंप चालू केला की थोडा सावरतो, बंद केला की पुन्हा खाली. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडून बघावं तर कुठे थेंब नाही, डाग नाही, वासही नाही. मग संशय पंपावर जातो. नवा पंप बसवला की चार दिवस बरं चालतं, कारण त्या निमित्ताने सगळे जोड सोडून पुन्हा आवळलेले असतात. पाचव्या दिवशी तेच.

कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेलं विमान २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी पाहिलं. आपणही बांधू म्हणणारे आता सोलापुरातही भेटतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे पार्ट करणाऱ्या लेथवर कुणी तरी फिटिंग घेऊन येतो आणि गप्पा विमानावर जातात. प्रेशर पडण्याची तक्रार त्यात हमखास असते. पुढचं सगळं टाकी पंखात खाली, इंजिन वर आणि रोटॅक्स ९१२ किंवा तसंच कार्ब्युरेटरचं इंजिन, असं धरून लिहिलं आहे. टाकी डोक्यावर असलेल्या विमानात पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं, तिथे हा घोळ बराच कमी होतो.

मुद्दा एका वाक्यात सांगतो. टाकीपासून पंपापर्यंतची नळी दाबाखाली नसते, ओढीखाली असते. तिथला सैल जोड बाहेर पेट्रोल टाकत नाही, बाहेरची हवा आत घेतो. म्हणून थेंब शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही.

त्यात हवा पेट्रोलपेक्षा वीस-तीस पट पातळ. ज्या फटीतून पेट्रोल बाहेर यायला मागत नाही, त्या फटीतून हवा आरामात आत शिरते. इंजिन बंद करून रात्रभर खाली कागद पसरून ठेवला आणि सकाळी तो कोरडा निघाला, तरी त्याने काही सिद्ध होत नाही.

आधी दोन सोपे संशयित मोकळे करा

पहिला व्हेंट. टाकीतून पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकीत पोकळी तयार होते आणि पंप कितीही चांगला असला तरी ओढणार काय? शेडमध्ये महिनाभर उभ्या विमानाच्या व्हेंटच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते. काटा पडू लागल्यावर इंजिन बंद करून टाकीचं झाकण सैल करा. सूं असा आवाज करत हवा आत गेली, तर काम तिथेच संपलं. तोंडाला बारीक जाळी लावा आणि पुढचं वाचू नका.

दुसरा संशयित वाफ. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४३-४४ ला असताना काउलिंगच्या आत काय होत असेल, याचा विचार करा. इंजिन बंद केल्यावर तर आतलं तापमान आणखी चढतं. पेट्रोलचा बाष्पदाब गरमीबरोबर झपाट्याने वाढतो आणि पन्नास-पंचावन्न अंशांना तो बाहेरच्या हवेच्या दाबाच्या आसपास येऊन ठेपतो. वरून पंप ओढतोय, म्हणजे नळीतला दाब आणखी कमी. तिथेच पेट्रोल उकळतं आणि पंपाच्या तोंडाशी बुडबुडे जमतात. विमानाच्या १०० एलएल पेट्रोलचा बाष्पदाब ३८ अंशांना ३८ ते ४९ किलोपास्कल या मर्यादेत ठेवलेला असतो. गाडीत भरतो ते पेट्रोल पंपावरचं पेट्रोल त्याहून जास्त उडतं.

पंपावरच्या पेट्रोलचा आणखी एक ताप आहे. त्यात आता २० टक्के इथेनॉल असतं. रोटॅक्सने ९१२ साठी घातलेली मर्यादा १० टक्क्यांची आहे. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, इथेनॉलला नावं ठेवणं जिवावर येतं, पण जुन्या रबरी होजच्या आतल्या थराला ते फुगवतं आणि त्याचे काळे कण गाळणीत येऊन बसतात. कॅनमध्ये काय आहे याची शंका असेल तर मोजपात्रात १० मिलि पाणी आणि ९० मिलि पेट्रोल घालून हलवा आणि स्थिर होऊ द्या. खालची पाण्याची पातळी १० वरच राहिली तर पेट्रोल शुद्ध. ती २५-३० च्या घरात गेली, तर इथेनॉल पाण्यात उतरलंय आणि ते पेट्रोल या इंजिनासाठी नाही.

वाफ आणि हवा, दोन्हींचं लक्षण काट्यावर सारखंच दिसतं. वेगळं करायचा खात्रीचा मार्ग थंडीची पहाट. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, सकाळी सहाला पारा पंधराच्या आसपास असतो. त्या वेळी टाकीत थंड पेट्रोल भरून विमान दोराने जखडून ग्राउंड रन घ्या, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवा. पंधरा अंशांचं पेट्रोल नळीत उकळत नाही. तरीही काही मिनिटांत काटा थरथरला, तर वाफेचं नाव घेऊ नका. तोपर्यंत थांबायची सोय नसेल, तर टाकी आणि पंप यांच्यामध्ये पेट्रोलला चालणारी पारदर्शक नळी तात्पुरती लावा आणि बघा. इंजिन थंड असतानाच बारीक बुडबुड्यांची एकसारखी माळ आली तर हवा. सुरुवातीला नळी स्वच्छ आणि गरम होत गेल्यावर मोठे बुडबुडे, तर वाफ. ही नळी फक्त जमिनीवरच्या चाचणीपुरती. काढल्याशिवाय विमान धावपट्टीकडे न्यायचं नाही.

हवा नक्की झाली की जागा शोधायची

इथे इलेक्ट्रिक पंप फुकटात मदत करतो. इंजिन बंद ठेवून फक्त तो चालू करा. त्याच्या पुढचे, इंजिनाकडचे सगळे जोड आता दाबाखाली आहेत. तिथे फट असेल तर ओल दिसेल. टिश्यू पेपर प्रत्येक नटाभोवती गुंडाळून बघा, बोटाला न जाणवणारा ओलावाही कागदावर उमटतो. सगळं कोरडं, आणि इंजिन चालताना इलेक्ट्रिक पंप लावूनही काटा पूर्ण सावरत नाही? मग दोष त्या पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला. तिथे सिलेक्टर कॉक (कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणारा), गाळणी आणि पाच-सहा जोड असतात, आणि हे सगळं नेमकं सीटखाली, हात न पोचणाऱ्या जागी.

हा भाग हवेच्या दाबाने तपासायचा. मेडिकलमध्ये मिळणारं बीपीचं यंत्र, फुगा आणि डायलवालं, यासाठी उत्तम. त्यावरचे ५० मिलिमीटर म्हणजे जवळपास १ पीएसआय. लाइन पूर्ण रिकामी करून सुकवा, टाकीच्या तोंडाशी नळी सोडून तिला टोपी लावा, पंपाकडच्या टोकाला यंत्राची रबरी नळी जोडा आणि १०० मिलिमीटरपर्यंत फुगवा.

टाकी मात्र या चाचणीत जोडलेली नसावी. ६० बाय ४० सेंटिमीटरच्या पत्र्यावर १ पीएसआय म्हणजे दीडशे किलोहून जास्त जोर पडतो. टाकी फुगते, रिव्हेटच्या ओळी सुटतात आणि एका गळतीच्या शोधात दहा नव्या तयार होतात. गॅरेजचा कंप्रेसर तर जवळही आणू नका.

काटा दहा मिनिटं जागेवर राहिला तर लाइन चांगली. पण एक मेख आहे, आणि आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती हमखास फसवते. बंद नळीतली हवा एक अंशाने तापली की या दाबाला काटा जवळपास ३ मिलिमीटर वर जातो. सकाळी नऊला चाचणी लावली, शेडवर ऊन आलं, आत तापमान वाढलं, आणि बारीक गळतीने जेवढा दाब कमी झाला तेवढा उन्हाने भरून काढला. काटा जागेवर, आपण खूश, गळती तशीच. म्हणून ही चाचणी सूर्य उगवायच्या आधी किंवा रात्री उशिरा घ्या, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि दाबाबरोबर तापमानही लिहून ठेवा.

काटा उतरत असेल तर साबणाच्या पाण्याचा ब्रश प्रत्येक जोडावर फिरवा आणि थांबा. घाई करू नका. बारीक गळतीचा फेस मोहरीएवढ्या बुडबुड्यांचा येतो आणि यायला मिनिट-दीड मिनिट घेतो. सिलेक्टर कॉकच्या दांड्याभोवतीही साबण लावा. आतली ओ-रिंग वाळलेली असेल तर हवा तिथून येते, आणि तिथे बघायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. काम झालं की साबण साध्या पाण्याने पुसून काढा.

जोड का फुटतो

सापडलेल्या गळत्यांत निम्म्याहून जास्त फ्लेअरच्या, म्हणजे नळीच्या शंकूसारख्या पसरवलेल्या तोंडाच्या, निघतात, असा माझा अनुभव. कारण बहुतेक वेळा एकच, हत्यार चुकीचं. विमानातल्या एएन मानकाच्या फिटिंगचा शंकू ३७ अंशांचा असतो. एसी-फ्रिजवाल्याकडे मिळणारं फ्लेअरिंग टूल ४५ अंशांचं. मोटारीच्या ब्रेक लाइनचंही ४५. गावात कुणाकडेही मागितलं तर हेच हातात येतं. आठ अंशांचा फरक डोळ्याला दिसत नाही, नट बसतो, आवळतो, सगळं ठाकठीक वाटतं.

बघायचं असेल तर फिटिंगच्या शंकूला मार्किंग ब्लूचा पातळ हात द्या, जोड हाताने बसवा, हलकेच आवळा आणि सोडा. मग भिंगातून फ्लेअरच्या आत बघा. ३७ ला ३७ असेल तर निळा रंग रुंद पट्ट्यासारखा सगळीकडे सारखा लागतो. ४५ चा फ्लेअर असेल तर फक्त आतल्या गळ्याशी दोऱ्याएवढी गोल रेघ उमटते, बाहेरचा सगळा भाग कोरडा. त्या एका रेघेवर तुमचं इंजिन चालू आहे.

आणि अशा जोडावर माणूस काय करतो? अजून आवळतो. शेळगीचा एक पोरगा, नोकरीने इंजिनिअर, सीटखाली आडवा होऊन विचारत होता, "काका, अजून पाव फेरा देऊ का?"

"सोड बे तो पाना. आवळून भोक बुजत नसतं."

"पण मघाशी दिला तेव्हा थांबलं होतं की काका."

थांबतं, हे खरंच. जादा जोराने मऊ अ‍ॅल्युमिनियम दबतं, फट तेवढ्यापुरती मिटते. पण फ्लेअरची भिंत पातळ होते, तिला मागून धरणाऱ्या कड्याच्या, म्हणजे स्लीव्हच्या, कडेशी खाच पडते, आणि इंजिनाच्या हादऱ्याने त्याच खाचेतून तडा सुरू होतो. आज हवा ओढणारा जोड उद्या तुटतो. ३/८ इंची ५०५२-ओ या मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या नळीसाठी नट आवळायची मर्यादा ७५ ते १२५ इंच-पाउंड, म्हणजे साधारण साडेआठ ते चौदा न्यूटन-मीटर. टॉर्क पान्याने, आणि दुसऱ्या पान्याने फिटिंग धरून. दुसरा पाना लावला नाही तर नटाबरोबर फिटिंग फिरतं आणि नळी पिळली जाते. एवढ्या जोरात जो जोड सील होत नाही तो कापून टाका. त्याला आवळणं हा उपाय नाही.

नवा फ्लेअर करताना नट आणि स्लीव्ह आधी नळीवर चढवा. हसू नका, सगळं झाल्यावर ते बाकावर पडलेले दिसतात. नळी करवतीने कापू नका, ट्यूब कटरने कापा, हळू आणि गोल. आतली बर, म्हणजे कापताना उठलेली कड, काढा, कड बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, कारण कडेवरचा प्रत्येक ओरखडा फ्लेअर उघडताना चिरेत बदलतो. शंकूला तेलाचा थेंब द्या. तयार फ्लेअरची कड स्लीव्हच्या बाहेरच्या कडेच्या पुढे जाता कामा नये, आणि इतकी आखूडही नको की स्लीव्हला तिला धरताच येणार नाही. भिंगाखाली कडेला केसासारखी रेघ दिसली तर पुन्हा कापा. नळी महाग नाही. बाजारातली कुठलीही अ‍ॅल्युमिनियम नळी मात्र चालत नाही. कडक टेम्परची फ्लेअर करतानाच तडकते, आणि तांब्याची सोपी वाटली तरी हादऱ्याने कडक होऊन तुटते.

पाइप आट्याच्या फिटिंगचा प्रश्न वेगळा. विमानाचं सामान एनपीटी या अमेरिकी आट्याचं येतं, आणि एमआयडीसीतल्या न्यूमॅटिकच्या दुकानात मिळतं ते बीएसपी, म्हणजे ब्रिटिश आट्याचं. पाव इंचाला एनपीटीचे इंचाला १८ आटे, बीएसपीचे १९. कोनही वेगळा, ६० आणि ५५. दोन-तीन फेरे ते एकमेकांत व्यवस्थित जातात आणि मग घट्ट होतात, म्हणून बसलं असं वाटतं. थ्रेड गेज लावल्याशिवाय गावातली फिटिंग गाळणीला किंवा पंपाला लावू नका.

एनपीटीला सीलंट लागतो, आणि तो पेट्रोलला टिकणारा पेस्टचाच हवा, पहिले दोन आटे सोडून लावलेला. नळवाल्याची पांढरी टेफ्लॉन टेप नको. तिचे धागे सुटतात आणि कार्ब्युरेटरच्या नीडल व्हॉल्व्हखाली अडकतात. मग ओव्हरफ्लोची नवीच तक्रार घेऊन बसा. फ्लेअरच्या जोडाला तर काहीच लावायचं नाही. तिथे धातू धातूवर बसतो. नटाच्या आट्यांना तेलाचा हात पुरे.

नळीची वाट

जोड नवे केले तरी ते पुन्हा सैल होत असतील, तर नळी ज्या वाटेने नेली आहे तिथे दोष आहे. दोन पक्क्या फिटिंगच्या मध्ये नळी सरळ ताणून नेलेली असेल तर ती जोडांना ओढत राहते. दीड मीटर अ‍ॅल्युमिनियमची नळी चाळीस अंशांच्या फरकाने जवळपास दीड मिलिमीटर लांबते. जानेवारीची पहाट ते मेच्या दुपारी उन्हात तापलेलं विमान, एवढा फरक आपल्याकडे सहज होतो. म्हणून मध्ये एक तरी वळण हवंच, आणि त्या वळणामुळेच पुढे एखादा फ्लेअर कापून पुन्हा करायला नळी पुरते. ३/८ च्या नळीला वळणाची त्रिज्या २४-२५ मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि वळणावर नळी चपटी होऊन तिची जाडी मूळच्या पाऊण भागापेक्षा कमी झाली तर ती टाकाऊ. दर चाळीसेक सेंटिमीटरला रबर अस्तराची क्लॅम्प लावा. केबल टायने नळी बांधलेली दिसली की मला पुढचं बघावंसं वाटत नाही. टाय हादऱ्याने नळीला करवतीसारखा कापतो.

वाटेत उंचवटा नको, तिथे वाफ साचते. खोलगट भाग नको, तिथे पाणी साचतं. पाण्यासाठी सगळ्यात खालची एकच जागा ठेवायची, आणि तिथे गॅस्कोलेटर, म्हणजे पाणी-गाळ धरणारी वाटी, जिचा ड्रेन बाहेरून हाताला येईल. इलेक्ट्रिक पंप फायरवॉलला, म्हणजे इंजिनामागच्या आग अडवणाऱ्या भिंतीला, लटकवण्यापेक्षा टाकीच्या जवळ आणि खाली बसवा, म्हणजे लाइनचा मोठा भाग ओढीऐवजी दाबाखाली येतो आणि हवा व वाफ दोन्ही तक्रारी एका हालचालीत कमी होतात. जागेची अडचण सांगून हे टाळलं जातं, पण सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. फायरवॉलच्या पुढे, इंजिन हलतं त्या भागात, लवचीक होज आणि तिच्यावर फायरस्लीव्ह, म्हणजे आगीपासून वाचवणारं आवरण. सायलेन्सरपासून लांब. पंपाच्या पुढून टाकीकडे बारीक भोकाची रिटर्न लाइन असेल तर राहिलीसाहिली वाफ परत जाते. रोटॅक्सच्या मॅन्युअलमध्ये ती आहे, आणि "एक नळी वाचली" म्हणून ती गाळू नये. रबरी होजना रोटॅक्सने पाच वर्षांची मुदत दिली आहे, विमान उडो वा न उडो.

हे झाल्यावर प्रवाह मोजा, नुसत्या काट्यावर विसंबू नका. ९१२ यूएलएस टेकऑफच्या जोरावर तासाला सुमारे २७ लिटर पितं. पंपाच्या व्यवस्थेत त्याच्या सव्वापट प्रवाह मिळायला हवा, म्हणजे मिनिटाला साधारण ५६० मिलि. शेपटाखाली खड्डा करून किंवा नाकाचं चाक ठोकळ्यावर चढवून विमान चढाईच्या कोनात ठेवा, टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवा, कार्ब्युरेटरकडची होज मोजपात्रात सोडा आणि इलेक्ट्रिक पंप चालू करून घड्याळ लावा. शेड उघडं, विमानाला अर्थिंग, मोबाइल लांब, आणि हातात अग्निशामक घेऊन दुसरा माणूस उभा. दोन्ही टाक्यांवर वेगवेगळं मोजा, आकडे तारखेसह लॉगबुकात चढवा. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान खात्याच्या, माणसाला दाखवायला ते लागतीलच. एका टाकीवर भरपूर आणि दुसरीवर कमी आलं, तर दोष सिलेक्टरच्या मागे त्याच टाकीच्या बाजूला आहे. आधी टाकीच्या तोंडातली बोटगाळणी, म्हणजे बोटाच्या आकाराची जाळी, काढून बघा. टाकी बांधताना राहिलेला सीलंटचा तुकडा तिथेच चिकटलेला सापडतो.